इरप्ट झाला, इरप्ट केला

आमच्या गिरिभ्रमण मंडळाने माझ्याकडे इंग्रजीतल्या चार ओळी मागितल्या, त्यांतलं एक वाक्य अडलं. एकच. मी त्याला साडेतीन आठवडे घेतले.

त्याचं असं झालं, की आम्ही ज्या किल्ल्यावर वर्षानुवर्षं जातो, त्याच्या पायथ्याच्या वाडीत माहितीफलक लावायचं ठरलं. मराठी मजकूर तयार होता. पण हल्ली शनिवार-रविवारी तिथे जी गर्दी येते, तिच्यातली निम्मी ‘भैया, टॉप और कितना दूर है?’ विचारणारी असते. त्यांच्यासाठी खाली चार ओळी इंग्रजीत हव्यात, असं अध्यक्षांचं मत पडलं. मंडळात आम्ही अकरा जण. सगळ्यांचे मिळून गुडघे बावीस, त्यांतले चालू स्थितीतले नऊ-दहा. मी चौतीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप केली, एवढ्या पुण्याईवर हे काम माझ्या गळ्यात आलं. आता कचेरीतलं इंग्रजी म्हणजे काय, तर ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर’ने सुरू व्हायचं आणि ‘प्लीज डू द नीडफुल’ने संपायचं. मधल्या जागेत काही घडत नाही. घडूच नये अशी त्या भाषेची रचना असते. चौतीस वर्षांत माझ्या एकाही पत्रात कसलाही उद्रेक झाला नव्हता. आणि आता एकदम ज्वालामुखी!

चारांतल्या तीन ओळी अर्ध्या तासात झाल्या. किल्ला किती उंच, टाकी किती, कचरा करू नका. अडलो ते चौथीत. मराठीत ती अशी होती: ‘सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा उद्रेक झाला व त्या लाव्हारसापासून सह्याद्रीचा हा कातळ तयार झाला.’ सहा कोटी साठ लाखांचे सहासष्ट मिलियन करताना शून्यं दोनदा मोजली. मग एका दमात लिहून टाकलं, ‘सिक्स्टी सिक्स मिलियन इयर्स बॅक, द व्होल्कॅनो वॉज इरप्टेड हिअर.’

लिहिलं मात्र, आणि डोळ्यांसमोर एक लाल गोल उभा राहिला.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीपर्यंत आम्ही ‘चेंज द व्हॉइस’ या टप्प्याला पोचलो होतो. कर्तरीचं कर्मणी करायचं. रामाने रावणाला मारलं, याचं रावण रामाकडून मारला गेला, असं. या खेळाची आम्हाला इतकी गोडी लागली होती, की जो दिसेल त्याचं आम्ही कर्मणी करून टाकत होतो. अशातच बाईंनी ज्वालामुखीवर पाच वाक्यं लिहायला सांगितली. माझं पहिलंच वाक्य होतं, ‘द व्होल्कॅनो वॉज इरप्टेड.’ बाईंनी ‘वॉज’भोवती लाल गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले. ‘बाय हूम?’

कोणाकडून?

मला वाटलं, बाईंना खरोखरच माहिती हवी आहे. मी रात्रभर विचार केला आणि सुधारणेच्या वहीत पूर्ण वाक्य लिहिलं, ‘द व्होल्कॅनो वॉज इरप्टेड बाय गॉड.’ बाई रागावल्या की हसल्या, ते आता आठवत नाही. दुसरा लाल गोल मात्र आठवतो. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

नंतर बाईंनी फळ्यावर समजावून सांगितलं होतं, की इरप्ट हे अकर्मक क्रियापद आहे. ज्वालामुखी आपला आपण इरप्ट होतो. त्याला कोणी इरप्ट करत नाही. म्हणून ‘द व्होल्कॅनो इरप्टेड’, संपलं. ‘वॉज’ची गरज नाही. मी मान डोलावली होती. पण मान डोलावणं आणि कळणं यांत आठवीपासून साठीपर्यंतचं अंतर असतं.

या वेळी मात्र मी चुकीच्या मुळाशी जायचं ठरवलं. मूळ सापडलं ते आमच्या स्वयंपाकघरात. टीव्हीवर कुठल्याशा बेटावरचा ज्वालामुखी दाखवत होते आणि मीच तोंडाने म्हणालो, “अगं, बघ, इरप्ट झाला.” तिथेच ट्यूब पेटली. आपण मराठी माणसं इंग्रजी क्रियापद एकटं कधीच वापरत नाही. त्याच्या बरोबर एक ‘होणं’ किंवा ‘करणं’ पाठराखणीला पाठवतो. गाडी कॅन्सल झाली. फोन कट झाला. मोबाइल हँग झाला. पुढे हीच वाक्यं इंग्रजीत न्यायची वेळ आली, की या ‘झाला’चं काय करायचं हा प्रश्न येतो. टाकून देववत नाही, घरचा माणूस आहे. मग त्याला ‘वॉज’चा कोट चढवायचा आणि न्यायचा. कॅन्सल झाली, ‘वॉज कॅन्सल्ड’. बरोबर येतं. कट झाला, ‘वॉज कट’. हेही चालून जातं. दोनदा जमलं की माणूस धीट होतो. मग अपघात ‘वॉज हॅपन्ड’ होतो, पाकीट ‘वॉज डिसअपिअर्ड’ होतं आणि काका ‘वॉज एक्स्पायर्ड’ होतात. हे शेवटचं तर मी स्वतः कचेरीच्या रजेच्या अर्जांत इतक्यांदा टाइप केलं आहे, की माझ्या हातून गेलेल्या काकांची संख्या कुठल्याही साथीला लाजवील. एकाही साहेबाने त्यावर ‘बाय हूम?’ असं लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर पोलिसांना बोलवावं लागलं असतं.

खरं तर दोष सगळा आपला नाही. ज्वालामुखीसाठी मराठीत खास त्याचं असं सुटसुटीत क्रियापद नाही. ‘उद्रेक’ हे नाम आहे. त्याला चालायला ‘होणे’ची कुबडी लागते. ‘उद्रेकणे’ असं कोणी म्हणत नाही. ‘काल रात्री क्राकाटोआ उद्रेकला’ असं वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं, तर हिने आतून विचारलं, “कोण उचकला?”

आता या नामाची कुळकथा ऐका. उद्रेक हा शब्द संस्कृतातल्या ‘रिच्’ धातूपासून आला. रिच् म्हणजे रिकामं करणं, रिकामं होणं. रिक्त त्याच घरातला. अतिरेक त्याचा सख्खा भाऊ. प्राणायामातला रेचक, म्हणजे श्वास बाहेर सोडणं, हाही तिथलाच. आणि विरेचन! वैद्यबुवा एरंडेल देऊन जे घडवून आणतात, ते विरेचन. म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक आणि सकाळचा कोठा साफ होणं ही भाषेच्या दृष्टीने चुलतभावंडं आहेत. हे कळल्यापासून बातम्यांतला ‘जनक्षोभाचा उद्रेक’ मला पूर्वीइतक्या गांभीर्याने घेता येत नाही.

असो. वाक्य तिथेच होतं, आणि मध्येच दूध उतू गेलं.

ही सकाळी देवळात जाताना सांगून गेली होती, “अहो, दुधाकडे बघा.” मी बघत होतो. अगदी मनापासून बघत होतो. दूध वर येताना दिसलं, कडेपर्यंत आलं तेही दिसलं, आणि मग शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली, असं टप्प्याटप्प्याने उतरताना दिसलं. बघण्यात कसूर झाली नाही. ही आली, तोवर मी फडकं शोधत होतो.

“दूध उतू गेलं,” मी म्हणालो.

“गेलं नाही. तुम्ही घालवलंत.”

एवढ्या दोन वाक्यांत व्याकरणाचा तो सगळा धडा आला, जो बाईंना फळाभर लिहूनही मला समजावता आला नव्हता. ‘दूध उतू गेलं’ हे अकर्मक. दूध वर आलं, त्याची मर्जी, ते गेलं. यात मी कुठे आहे? कुठेच नाही. ‘दूध उतू घालवलंत’ हे सकर्मक. त्यात मी पुरता आहे, हातातल्या फडक्यासकट. बाईंचं ‘बाय हूम?’ तेच विचारत होतं, फक्त त्यांच्या हातात लाल पेन होतं आणि हिच्या हातात सांडशी. जगातल्या प्रत्येक नवऱ्याची अकर्मक क्रियापदांवर श्रद्धा असते. पेला फुटला. चावी हरवली. उशीर झाला. आणि प्रत्येक घरात त्यांचं सकर्मक करणारं कोणीतरी बसलेलंच असतं.

हा शोध मी शेजारच्या अण्णांना सांगायला गेलो. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर वाढलेले. सकाळी इंग्रजी पेपर हातात पेन्सिल घेऊन वाचतात आणि चुका सापडल्या नाहीत, तर त्यांना चहा गोड लागत नाही. ते म्हणाले, “तुमचं हे क्रियापद ना, ज्वालामुखीपेक्षा वार्ताहरांनाच जास्त लागतं.” आणि त्यांनी आठवड्याचे पेपर माझ्यापुढे टाकले. मी मोजत बसलो. व्हायोलन्स इरप्टेड. प्रोटेस्ट्स इरप्टेड. अ रो इरप्टेड. एका सभेत टाळ्या इरप्ट झाल्या होत्या, एका लग्नात मारामारी. खराखुरा ज्वालामुखी त्या सात पेपरांत मिळून एकही नव्हता. मराठी पेपर काढले, तर तिथेही वाद उफाळला होता, दंगल उसळली होती, तणाव निर्माण झाला होता. कोणी उसळवली, कोणी निर्माण केला, सगळीकडे सामसूम. दूध आपोआप उतू गेलेलं, शेगडीजवळ कोणी नाही, फडकंसुद्धा नाही.

“आम्हीही बँकेत हेच करायचो,” अण्णा प्रांजळपणे म्हणाले. “‘थकबाकी निर्माण झाली आहे’ असं लिहायचो. कर्ज कोणी दिलं, ते कधी लिहिलं नाही.”

अण्णांमुळे दुसरा एक फायदा झाला. त्यांच्या जाडजूड शब्दकोशात मी या क्रियापदाच्या बरोबर जाणाऱ्या शब्दांचा अभ्यास केला. माणसं हसू लागली, तर ‘इरप्टेड इन लाफ्टर’ किंवा ‘इंटू लाफ्टर’. ‘विथ’ही चालतं, पण ते राग, उत्साह असल्या आतून येणाऱ्या गोष्टींबरोबर जास्त शोभतं. मराठीत मात्र या एका क्रियापदासाठी दर वेळी नवीन माणूस बोलवावा लागतो. हशा पिकतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. भांडण पेटतं. पुरळ उठतं. दात येतो. आणि ज्वालामुखी जागा होतो, जणू दुपारी जरा पडला होता. इंग्रज या सगळ्यांना एकाच क्रियापदाला जुंपतो. त्याच्याकडे शब्द कमी आहेत असं नाही. एका बैलावर सगळं शेत नांगरायची त्याला सवय आहे.

दाताचं नुसतंच उदाहरण म्हणून लिहिलेलं नाही. त्याच आठवड्यात माझी अक्कलदाढ ठणकू लागली. या वयात अक्कलदाढ, यावर घरात जे बोललं गेलं ते इथे देत नाही. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं, ‘पार्शिअली इरप्टेड’. मी खुर्चीतच ताठ झालो. तोंडात त्यांची नळी होती, तरी मी विचारायचा प्रयत्न केला, “बाय हूम?” त्यांना ते ‘भूल’ असं ऐकू आलं आणि त्यांनी सुई टोचली.

अर्धा जबडा बधिर होता, म्हणून तो दिवस विचार करायला मोकळा मिळाला. अकर्मक क्रियापद आहे, तर दाढ ‘इरप्टेड’ कशी? अण्णांनी सोडवलं. तिथे ते क्रियापद राहिलंच नाही, विशेषण झालं. गळलेलं पान असतं, झोपलेलं बाळ असतं, तशी ही अर्धवट उगवलेली दाढ. पान कोणी गळवलं, बाळाला कोणी झोपवलं, हा प्रश्न येत नाही. बाळाच्या बाबतीत येतो, पण तो आईपुरता. आपलं ‘लेलं’ लावून इंग्रजी शब्द तपासता येतो, ही सोपी युक्ती बाईंनी आठवीत सांगितली असती, तर लाल शाई वाचली असती. ‘इरप्टेड व्होल्कॅनो’ म्हणून पाहा. ‘उद्रेक झालेला ज्वालामुखी’. चालतं की! ‘वॉज’ मध्ये आला, की घोटाळा.

म्हणजे निकाल लागला होता. ‘द व्होल्कॅनो इरप्टेड.’ अकर्मक, कर्तरी, निर्विवाद. मी फलकाचा कागद भरून पाकिटात घालणार, इतक्यात भाची आली.

भाची भूशास्त्र शिकते. घरात येताना खिशातून दगड काढून ठेवते, आणि ते दगड नसून फार काहीतरी असतात. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “मामा, यात दोन चुका आहेत. एक म्हणजे ज्वालामुखी कुठे होता?”

“इथे.”

“इथे म्हणजे कुठे? डोंगर दाखव.”

मी खिडकीतून टेकडी दाखवली. ती हसली. मग तिने जे सांगितलं, ते ऐकून मला सह्याद्रीविषयी नव्याने आदर वाटला आणि स्वतःविषयीचा जुना कमी झाला. माझ्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे शाळेच्या पुस्तकातला, शंकूच्या आकाराचा, डोक्यातून धूर निघणारा. दख्खनवर तसा एखादा बसलेला डोंगर फुटला, असं झालंच नाही. जमिनीला मैलोन्‌मैल लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन पसरत गेला. एकदा नव्हे, अनेकदा. थरावर थर. बहुतेक सगळा लाव्हा साधारण दहा लाख वर्षांच्या काळात बाहेर पडला, भूशास्त्राच्या हिशेबाने म्हणजे एका बैठकीत. आज जे उरलंय, ते पाच लाख चौरस किलोमीटर आहे. घाटांत काही ठिकाणी जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. आपल्या डोंगरांना जे पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते हेच थर. म्हणून तर इंग्रजीत याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रॅपा’ म्हणतात, तो हा ट्रॅप. मी चाळीस वर्षं त्या जिन्यावर धापा टाकत होतो आणि इंग्रजीत त्याला सापळा समजत होतो. गुडघ्यांचं मत विचाराल, तर तेही चूक नव्हतं.

आणि घाट चढताना कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो ना, ती आम्ही आजवर नुसती तांबडी माती म्हणून फोटोत घ्यायचो. ती म्हणजे एका लाव्हाचा पृष्ठभाग झिजून झालेली माती, तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन बसलेला. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये माती तयार होण्याइतकी मधली सुट्टी होती. अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली, तोही हाच दगड.

“मग हे इरप्शन की नाही?” मी धास्तावून विचारलं.

“इरप्शनच. पण उसळून नाही, उतू जाऊन.”

मी आत बघितलं. हिनेही बाहेर बघितलं. सह्याद्री म्हणजे उतू गेलेलं दूध! साय धरलेलं, थरावर थर बसलेलं, सहा कोटी साठ लाख वर्षं कोणी फडकं न मारलेलं. आणि कुकर? कुकर म्हणजे तो क्राकाटोआ. २७ ऑगस्ट १८८३ला त्याची जी शिट्टी झाली, ती सुमारे चार हजार आठशे किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या आवाजासारखी ऐकू आली. गॅसवर ठेवलेल्या दोन भांड्यांचा हा फरक आहे. दोन्हींना इंग्रजीत क्रियापद एकच.

“आणि दुसरी चूक?”

“‘इरप्ट’ अकर्मकच असतं, असं कोण म्हणालं?”

मी बाईंचं नाव सांगितलं. भाचीने बाईंचा मान ठेवला, पण मोबाइलवर तिच्या विषयातले चार लेख उघडून माझ्यापुढे धरले. प्रत्येकात लिहिलं होतं, ‘लाव्हा वॉज इरप्टेड.’ एकात तर ‘द व्होल्कॅनो इरप्टेड अ‍ॅश’. सरळ सकर्मक! भूशास्त्रवाले असंच लिहितात म्हणे, आणि शब्दकोशांनीही ते नोंदवलंय. ज्वालामुखी राख इरप्ट करतो. लाव्हा इरप्ट केला जातो. बाईंचा नियम पेपर वाचणाऱ्यांसाठी ठीक आहे. दगड फोडणाऱ्यांचा नियम निराळा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आठवीत मी बरोबर होतो? नाही. तिथेही मेख होतीच. लाव्हा ‘वॉज इरप्टेड’ होतो, ज्वालामुखी नाही. ज्वालामुखी हा करणारा. मी आरोपीलाच फिर्यादी करून बसलो होतो. पण ‘वॉज’ आणि ‘इरप्टेड’ शेजारी शेजारी बसू शकतात, हे तर सिद्ध झालं! बाई हयात असत्या, तर मी वही घेऊन गेलो असतो. गेलो असतो म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत.

“मग सांग,” मी म्हणालो, “सह्याद्रीचा लाव्हा इरप्ट केला. बाय हूम?”

याला उत्तर नसेल, असं मला वाटलं होतं. भाचीपाशी होतं. हिंदी महासागरात मॉरिशसच्या जवळ रियुनियन नावाचं बेट आहे. त्याच्या खाली खोलवर कायम तापलेली एक जागा आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड उत्तरेकडे सरकता सरकता त्या जागेवर आला होता, तेव्हा हे सगळं वर आलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे आपण सरकलो, आशियाला जाऊन धडकलो, त्यातून हिमालय उभा राहिला. ती जागा अजून पेटलेली आहे. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सगळ्यांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक, तो तिच्याच जिवावर. मॉरिशस बेटही याच आचेवर तयार झालं. तिथे गेलेल्या मराठी मंडळींच्या पुढच्या पिढ्या आजही नांदतायत. शेगडी तिथे, पातेलं इथे, आणि थोडी घरची माणसंही तिथे. सांडलेलं मात्र पुण्याच्या ओट्यावर.

“ऐकलंस का?” मी आत हाक मारली. “शेगडीच दोषी असते!”

“शेगडी बंद कोण करतं?” आतून आलं.

वाक्य ठरलं. भाचीने हातानेच लिहून दिलं: ‘धिस रॉक इज लाव्हा दॅट इरप्टेड फ्रॉम लाँग क्रॅक्स इन द ग्राउंड अबाउट सिक्स्टी सिक्स मिलियन इयर्स अगो.’ मी ‘बॅक’ लिहिलं होतं, तिने ‘अगो’ केलं. यात डोंगर नाही, ‘वॉज’ नाही, देव नाही. अण्णांनी पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं आणि त्यांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

आता स्पेलिंग. ते मी उगाच शेवटी ठेवलेलं नाही. शब्दकोशात ‘इरप्ट’ शोधताना मला ते दोन सापडले होते. एक ई आर यू पी टी, दुसरा आय आर आर यू पी टी. देवनागरीत दोन्ही अगदी सारखे, कानालाही जवळजवळ सारखेच. अर्थ मात्र नेमका उलटा. एका आरचा म्हणजे आतून बाहेर फुटणं. दोन आरचा म्हणजे बाहेरून आत घुसणं. ज्वालामुखी एका आरचा, पाहुणे दोन आरचे. पक्षिनिरीक्षक मंडळी हा दुसरा शब्द वापरतात. एखाद्या वर्षी उत्तरेकडचे पक्षी एरवी दिसत नाहीत तिथे थव्यांनी येऊन थडकले, की ते इरप्शन, दोन आरचं. आपल्याकडे टोळधाड म्हणतात, ती या जातीची.

दोन्ही शब्दांची आजी एकच, लॅटिनमधली ‘रुम्पेरे’. म्हणजे मोडणं, फोडणं. बँकरप्ट, करप्ट, इंटरप्ट, अब्रप्ट ही सगळी तिची नातवंडं. अण्णांना बँकेची आठवण होऊन गहिवरून आलं. या लॅटिन आजीची संस्कृतातली बहीण म्हणजे ‘लुप्’ धातू, ज्यातून आपला लोप आणि लुप्त आले, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इथपर्यंत सगळं सोज्ज्वळ होतं. पण त्याच घराण्यात संस्कृतात ‘रुप्’ असा आणखी एक धातू आहे, आणि जुन्या कोशांत त्याचा अर्थ दिलाय, पोटात कळ येणं. मराठी उद्रेक विरेचनाचा भाऊ, इंग्रजी इरप्शन पोटदुखीची बहीण. दोन्हीकडचे पूर्वज ज्वालामुखीचा विचार करताना स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले होते, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

कागदावर मी ‘एक आर’ असं शेजारी लाल शाईत लिहून, त्याभोवती गोल काढून तो फ्लेक्सवाल्याकडे दिला. बाईंची आठवण म्हणून गोल जरा मोठाच काढला. फ्लेक्सवाल्या मुलाने तो पाहिला, मान डोलावली आणि लाल गोल म्हणजे काहीतरी राहिलंय, अशा समजुतीने एक आर घातला. दोन आर झाल्यावर त्याच्या कॉम्प्युटरने शब्दाखाली लाल रेघ ओढली. त्याने सुचवलेल्या शब्दांतला पहिला निवडला, तो आय आर आर यू पी टी. हे सगळं त्याने मला नंतर फार समजुतीने सांगितलं. “काका, आधी चुकलं होतं तुमचं. मी दुरुस्त केलं.”

फलक लागला आहे. वाडीत शिरताना उजव्या हाताला, चहाच्या टपरीच्या मागे. त्यावरच्या चौथ्या ओळीप्रमाणे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा बाहेरून महाराष्ट्रात घुसला, पाहुण्यासारखा, सामानसुमान घेऊन, आणि अजून गेलेला नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर सोबत पांढरं स्केचपेन ठेवा. आय पुसून ई करायचं आहे आणि एक आर खोडायचा आहे. माझा हात तिथपर्यंत पोचत नाही.